मेरीअम्माची साडी

संग्रहालयातल्या त्या काचेसमोर मेणाचा वास यायचं काही कारण नव्हतं, तरी तो आला. आत मेरीअम्मा उभी होती, राजाजीनगरला आमच्या घरामागच्या जुन्या चर्चमधली. चर्च पाडलं तेव्हा संग्रहालयाने तिला नेलं आणि वाळवीपासून वाचवलं. लाकडाची छिद्रं बुजवली होती, रंग उजळला होता. अंगावर साडी मात्र नव्हती.

मी लहान असताना धाकटा भाऊ तापातून वाचला म्हणून आईने तिला साडी वाहिली होती, स्वतःची हिरवी इरकली. शेजारच्या स्टेलाअक्का टाचण्या तोंडात धरून ती नेसवायला मूर्तीपुढच्या पडद्याआड गेल्या. मोगऱ्याचा, मेणाचा, ओल्या भिंतींचा वास कोंडला होता. मी वाकून बघायला गेले, तशी आईने माझी मान खाली दाबली.

"देवी झाली तरी बाईच ना ती? साडी बदलताना बघू नये. मी सांगेन तेव्हा वर बघ."

पडद्याखालून जुनी साडी घसरत फरशीवर आली. मागे दोन लाकडी पावलं दिसली. ती आता चालत बाहेर येणार, असं वाटून मी आईचा हात घट्ट धरला.

"आता बघ," आई म्हणाली. हिरव्या साडीत मेरीअम्मा थेट आईसारखी दिसत होती.

साडीखाली तिला कोरलेला निळा झगा आहे, हे मला आज कळलं. माझी मान आपोआप खाली गेली.

"काही पडलं का, अक्का?" रखवालदाराने कन्नडमध्ये विचारलं.

"नाही," मी म्हणाले. वर बघवेना. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि "आता बघ" म्हणणारं तिथे कुणीच नव्हतं.