गल कोठे शे?

गारा पडायला लागल्या तशी मी हातातलं गोणपाट टाकलं आणि निंबाकडे पळाले. निंबाला माझी झोळी, झोळीत पोरगं. सात-आठ महिन्यांचं असेल. भर वैशाखात, सकाळी पाय भाजत होते एवढं ऊन, आणि दुपारी हे असं एकदम काळं होऊन आलं, वारा सुटला, टपाटप गारा. मी पोराला पोटाशी धरलं, पदर घेतला त्याच्या डोक्यावर आणि पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसले. वीज कडाडली की मीच त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायची. ते आपलं माझ्या तोंडाकडे बघत होतं.

आमच्याबरोबर काम करणारी अक्का दारात उभी होती. ती म्हणाली, "व माय, पोरले धीर दे, तू काय वरडस?"

मी म्हटलं, "अक्का, वाळू चालली."

खरंच चालली होती. आमच्या डोळ्यांदेखत नाल्यात चालली होती.

हे मैदान म्हणजे कारखान्याच्या कॉलनीमागचं साहेब लोकांचं गोल्फचं मैदान. नरडाण्याकडे. मैदान काय, मुरमाड माळच तो. मोठ्या गावांत म्हणे गोल्फला हिरवळ असते, आमच्याकडे पाणी कुठलं, म्हणून जिथे चेंडू शेवटी घालायचा तिथे वाळूचा गोल केलेला असायचा, अंगणाएवढा. वाळूत गाडीचं जळकं ऑईल कालवून दाबायची, म्हणजे ती उडत नाही. साहेब त्याला ब्राऊन म्हणायचे. असे नऊ ब्राऊन. प्रत्येकाच्या मधे खड्डा, खड्ड्यात पत्र्याचा डबा, डब्यात झेंड्याची काठी. त्या खड्ड्याला साहेब लोकांचा इंग्रजी शब्द होता, आम्ही बायका गल म्हणायचो. गोट्या खेळताना असते ना, तीच. मी चौथीतून शाळा सोडली, पण गोट्यांत माझे दोन्ही भाऊ माझ्यापुढे रडायचे.

आमचं काम ब्राऊन झाडायचे आणि ओलं गोणपाट ओढून सपाट करायचे. याआधी मी माहेरी धरणगावला होते, तिथे कापसाची सरकी काढायच्या जिनात कामाला जायचे. कापसाचा भुगा सगळा हवेत. पोरगं खोकून खोकून निळं पडायचं. एकदा तर श्वासच परत येईना त्याचा, मी त्याला उलटं धरून रस्त्यावर धावत सुटले होते. इथे निंबाखाली आल्यावर पंधरा-वीस दिवसांत खोकला गेला. पण मुकादम आबांना ती झोळी पसंत नव्हती. निंब शेवटच्या ब्राऊनला अगदी लागून. आबा म्हणायचे, एखाद्या साहेबाचा चेंडू येऊन लागला पोराला, मग? मी रोज हात जोडायची. शेवटी ते म्हणाले होते, "रविवारी मोठी मॅच शे. धुळे-जळगावचे साहेब येणार. ती नीट होऊ दे, मग पोराचं बघू. अन मॅच बुडाली तर मैदान बंद करतील, मग तू बी घरी अन मी बी घरी."

घरी म्हणजे मला परत जिनात. दुसरं काम होतंच कुठे.

आणि मॅचच्या दोन दिवस आधी हा पाऊस.

शनिवारी सकाळी जाऊन बघितलं तर ब्राऊनच्या जागी नुसती उघडी माती, ओघळ पडलेले. डबे पाण्यावर तरंगून कडेला लागलेले. ऑईलचं पिंप शेडमागे आडवं, सगळं ऑईल वाहून गेलेलं. आबा डोक्याला हात लावून बसले. साहेबांचा निरोप होता, कसंही करा पण उद्यापर्यंत सपाट करा, पाहुणे निघालेत. एवढं सांगून आबा ऑईल मिळतं का बघायला सायकलवर गेले ते गेलेच.

मी रडायला लागले. रडतच झोळी बांधली.

अक्का म्हणाली, "रडस कसाले? अंगण वाही गयं तं आपण काय करतस?"

"सारवतो."

"मंग?"

मंग काय! गावातल्या गोठ्यांतून पाट्या भरभरून शेण आणलं. नाल्यातली पांढरी माती आणली. ओघळ भरले, धुमूस घेऊन चोपले, शेण-माती कालवली आणि बसलो आम्ही बायका एकेका गोलात. ऊन असं कडक पडलं की पुढचा हात फिरेपर्यंत मागचं वाळायचं. निंबाजवळचा ब्राऊन मी एकटीनं केला. मधे दोनदा पोराला पाजायला उठले तेवढीच, हात कोपरापर्यंत शेणाचे, ते हात लांब धरून पाजलं. अक्कानं बघितलं आणि हसून हसून खाली बसली.

संध्याकाळी सगळे ब्राऊन असे दिसत होते जसं घरी लग्न आहे. मी कडेनं चुन्याची रेघसुद्धा ओढली. आबा रिकाम्या हातानं परत आले, त्यांनी लांबूनच बघितलं, पुसत बसले डोळे. म्हणाले, "व्हयनं मॅचनं काम."

रविवारी उजाडताना जीपगाड्या आल्या. पांढऱ्या टोप्या, पायात बूट, हसणं-खिदळणं. आबा काखेत झेंड्यांच्या काठ्या घेऊन पहिल्या ब्राऊनवर गेले, तिथून दुसऱ्यावर गेले, मग धावत माझ्याकडे आले.

"गल कोठे शे?"

मी खाली बघितलं. सगळीकडे नुसतं गुळगुळीत सारवण.

आता अंगण सारवायचं तर आधी काय करतात? बिळं, भोकं बुजवतात. खडे दाबायचे, वर चिखल. हे कोणी सांगावं लागत नाही, हातच करतात ते. एकीच्याही डोक्यात आलं नाही.

"आबा, बुजी टाकी."

"बठ्ठ्या? नऊच्या नऊ?"

"बठ्ठ्या."

"मंग आते झेंडा काय मना डोकावर लावू?"

तेवढ्यात आमचे मोठे साहेब तिकडे आलेच. मला पळून जावंसं वाटत होतं, पण झोळी मागे बांधलेली, पळणार कुठे? मीच बोलले, आबांच्या आधी. एका दमात. "साहेब, आबांची चूक नाही, आम्ही सारवलं, सारवताना गली बुजल्या, मी आत्ता खणून देते, खुरपं आहे माझ्याकडे, पण कुठे होत्या ते दिसत नाही."

साहेबांनी खाली वाकून शेणावर हात फिरवला. वास घेतला. मग हसायलाच लागले. पाहुण्यांना इंग्रजीत काही सांगितलं, तेही हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, ती जागा बदलायचीच असते मधूनमधून. एकाच ठिकाणी खेळून मजा येत नाही. घे खुरपं आणि पाड."

"कुठे पाडू?"

"तूच ठरव. आम्हाला कोणाला आधी माहीत नसेल, तर बरंच आहे की."

मी ठरवू! मी आबांकडे बघितलं, आबा साहेबांकडे. मग मी पदर खोचला.

पहिल्या दोन गली मी भीत भीत मधेच पाडल्या. तिसरीला मला गोट्या आठवल्या. भाऊ कसे चिडायचे ते आठवलं. मी उताराच्या काठाला गल घेतली. चौथी चढावर. एक तर अशी घेतली की समोरून सोपी दिसेल आणि चेंडू गेला की वळून भलतीकडेच. अक्का डबे घेऊन मागे, आबा झेंडे घेऊन मागे, मी पुढे. शेवटच्या ब्राऊनवर आले आणि थांबले. निंबाकडे पाठ केली, पार पलीकडच्या कडेला गेले, निंबापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं, आणि तिथे खुरपं मारलं.

आबांनी झोळीकडे बघितलं, गलीकडे बघितलं. "हं," एवढंच म्हणाले.

मग झाली मॅच. सारवणावर चेंडू सुळसुळ पळायचा, हाताच्या फराट्यावर जरासा डुलायचा. माझ्या गलींनी एकेकाला असं रडवलं! धुळ्याचे एक जाडे साहेब त्या वळणाऱ्या गलीपाशी चार-पाचदा चुकले, टोपी काढून ओरडले, "ही कोणी पाडली रे?"

आबा छाती काढून म्हणाले, "आमची बाई शे, साहेब. तिनं पाडली."

त्या साहेबांनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला, सलाम करतात तसा. मला कळेना काय करावं. मी खुरपं वर केलं.

शेवटच्या ब्राऊनवर एकूण एक चेंडू निंबाकडे पाठ करून पलीकडे गेले. पोरगं ढिम्म झोपलेलं. एकदाही खोकलं नाही.

सोमवारी मी आले आणि काही न विचारता झोळी बांधली. आबा सायकलवरून आले, झोळीकडे बघितलं आणि तसेच पुढे ब्राऊनकडे गेले. त्यांच्या कॅरिअरला शेणाची पाटी बांधलेली होती.