योग्य ठिकाण

आणीबाणी उठून मतं झाली त्या साली पुतळीचा जन्म. तिचा बाप सांगायचा, आधी सरकारी जीप दिसली की नसबंदीच्या धास्तीने बाप्ये रानात पळायचे. मतं झाल्यावर जीप आली तरी लोक ओट्यावर निवांत बसून राहिले. लोकशाही म्हणजे पुतळीला एवढंच ठाऊक, आणि खरं सांगायचं तर तेवढं पुष्कळ झालं.

सूर्यमाळच्या डोंगराच्या अंगाला तिचा वरचा पाडा. मध्यंतरी ग्रामपंचायतीची निवडणूक रखडली आणि तीन वर्षं प्रशासकाने कारभार हाकला. तेव्हा एका बैठकीत कोऱ्या पानावर हजेरीचे अंगठे घेतले, आणि वरती मागाहून लिहिलं, 'हातपंप योग्य ठिकाणी बसवावा.' पंप बसला खालच्या पाड्यात, सडकेला लागून! वरच्या बाया उन्हाळाभर दरीतल्या झऱ्यावर वाटी-वाटीने हंडा भरत राहिल्या. त्या वाटेवर घसरून पुतळीचा गुडघा कायमचा गेला.

गेल्या वर्षी एकदाची निवडणूक झाली. खालच्या पाड्यातली रविना सरपंच झाली, जेमतेम पंचविशीची पोर. पहिल्याच ग्रामसभेत विषय निघाला दोन्ही पाड्यांच्या नळाच्या टाकीचा. ती खाली बांधली असती तर पाणी काय चढण चढून वर येणार होतं?

ग्रामसेवकाला सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी सवयीने कोरं पान पुढे सरकवलं. "अंगठे उरकून घ्या, बायांनो. चहा निवतोय."

पुतळीने मूठ मिटून पदराखाली घातली. "आधी लिवा. मंग वाचा. मंग अंगठा."

"पुतळीबाय, सभेचा वेळ जातो."

"तीन वरसं गेली तवा नाय बोललात."

सभा खो खो हसली. मागे बसलेल्या बुधी, सुकरी, लाडकी, सगळ्यांच्या मुठी पदराखाली गेल्या. आता अंगठे नाहीत तर कोरम नाही, आणि कोरम नाही तर सभाच नाही. भाऊसाहेबांनी सरपंचाकडे पाहिलं. तिच्या पाड्यातली माणसंही तिच्याकडेच डोळे लावून बसली होती.

"लिहा, भाऊसाहेब," रविना म्हणाली.

त्यांनी लिहिलं आणि वाचलं, "टाकी योग्य ठिकाणी बांधावी."

"त्या ठिकाणाला नाव नाय का?" पुतळीने विचारलं. "टेकाडावर मोहाचं झाड हाय, तिथं लिवा. वरून पानी दोनी पाड्यांना उतरंल."

भाऊसाहेबांनी खोडून तसं लिहिलं. रविनाने ते मोठ्याने वाचून दाखवलं. मग पुतळीने अंगठा असा दाबला की शाई मागच्या पानावर उमटली.

पुढच्या वैशाखात दोन्ही पाड्यांत नळ वाजले. पुतळी दारातच हंडा भरून बसली आणि पोट दुखेपर्यंत हसली.

त्या टेकाडाला आता कुणी टेकाड म्हणत नाही. शेजारचा सोम्या परवा पुतळीला हुडकत आला.

"लंगडत कुठं गेली ही?"

"योग्य ठिकाणी," लाडकी म्हणाली, आणि तिने टाकीकडे बोट दाखवलं.