जुन्या प्रोसेसरसाठी धावाधाव

दुकानात सगळे तिला मावशी म्हणत, मालकसुद्धा. कॉम्प्युटर जोडण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. पुढच्या महिन्यात ती काम सोडणार होती आणि एकच हौस राहिली होती: नवा प्रोसेसर बाजारात आला की शहरात सर्वांत आधी आपल्या हातानं चालू व्हावा. हा मान दर वेळी समोरचं मोठं दुकान पळवायचं.

आज सकाळी नवे प्रोसेसर आले. चाळीस खोकी. ते ज्यावर बसतात ते नवे बोर्ड मात्र आले नाहीत.

"तीन आठवडे लागतील म्हणे," मालकानं फोन आपटला. "वरातीमागून घोडं!"

"समोर तरी कुठे आलेत?" मावशीचे डोळे चमकले. "आपल्याकडे जुने बोर्ड आहेत की. खाच तीच आहे."

अडचण एकच. जुन्या बोर्डातला प्रोग्रॅम नव्या पाहुण्याला ओळखत नव्हता. आधी जुना प्रोसेसर लावून बोर्ड चालू करायचा, प्रोग्रॅम बदलायचा, मग नवा बसवायचा.

"मग लावा की जुना!"

मावशीनं रिकामा खण उघडून दाखवला. गेल्याच आठवड्यात तिनं सगळे जुने प्रोसेसर अर्ध्या किमतीत विकून टाकले होते.

"एकसुद्धा ठेवला नाही?"

"तुम्हीच म्हणालात, जागा करा."

"जागा म्हणालो, मैदान नाही!"

मावशीला हसू फुटलं. ते आवरेना. हसतच तिनं स्क्रूड्रायव्हर अंबाड्यात खोचला आणि घराकडे धूम ठोकली. अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघे आपले नसतात. आज ते कुणाचे होते कोण जाणे.

घरी नवरा कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळत होता. त्यात तसाच जुना प्रोसेसर होता.

"अहो, उठा."

"अगं थांब, वजीर मारतोय."

"राजाला घेऊन बाजूला व्हा!"

वीज बंद, झाकण बाजूला, पंखा बाजूला. काडेपेटीएवढा प्रोसेसर डबीत घालून ती पळाली. मागून नवरा, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. "डाव तरी जपून ठेवायचास!"

दुकानात गर्दी जमली होती. जुना प्रोसेसर बसला, बोर्ड चालू झाला, पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलानं भरली. मग जुना काढला, नवा बसवला. मावशीनं बटण दाबलं.

पडदा काळा. त्या काळ्यात तिला आपली बावीस वर्षं दिसली. त्यांना चेहरा नव्हता, नुसते हात होते. आणि मग अक्षरं उमटली. प्रोसेसरचं नाव सगळ्यांनी मोठ्यानं वाचलं.

"आता यावर काय चालतं?" एका गिऱ्हाइकानं विचारलं.

"काहीच नाही. सिस्टीम घालायचीय अजून."

"मग एवढा आरडाओरडा कशाला?"

"चालू झालाय ना!"

इतक्यात समोरच्या दुकानाचा कारागीर धापा टाकत आत शिरला. "झाला? खरंच?"

"उशीर केलास रे," मावशी म्हणाली. तिनं मशीन बंद केलं, त्याला दंडाला धरून पुढे उभं केलं, आणि फक्त त्याच्यासाठी पुन्हा चालू केलं.