आमच्या घरचे दोन भोंगे

घरातल्या सगळ्यांना नकोशी असलेली वस्तू हट्टानं टिकवली, की तिच्याभोवती किस्से आपोआप साचत जातात. माझ्याकडे अशा दोन वस्तू होत्या. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या दिरांनी आमच्या बनारसच्या घरी दोन अलार्म पाठवले. एक धुराचा, दुसरा कोळशाच्या विषारी वायूचा, ज्याला ना रंग ना वास. बालाजी घाटाजवळच्या आमच्या गल्लीत असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. सासरे अण्णा म्हणाले, जिवंत माणसांच्या घरात यंत्राची राखण कशाला? माझा नवरा श्रीधर अर्थातच वडिलांच्या बाजूनं.

माझी मावशी थंडीत खोलीत बोरसी, म्हणजे कोळशाची शेगडी, ठेवून दार लावून झोपली होती. ती उठली नाही. त्यामुळे मी कुणाचं ऐकणार नव्हते. अलार्म लागणार म्हणजे लागणार!

*

धुराचा अलार्म समुद्रापलीकडून आलेला, म्हणून अण्णांनी आधी त्याच्यावर गंगाजल शिंपडलं. शिंपडलं म्हणजे चांगलं अर्धा तांब्या. तो उचकी लागल्यासारखा टिकटिकायला लागला. मी पुसून तो गच्चीवर पापडांशेजारी वाळत ठेवला.

माकड आलं. त्यानं पापड सोडले आणि अलार्म उचलला. कठड्यावर बसून उलटासुलटा केला आणि नेमकं टेस्टचं बटण दाबलं. भोंगा असा किंचाळला, की माकड तो तिथंच टाकून तीन गच्च्या ओलांडून पळालं.

शेजारचे मिसिरजी हे सगळं बघत होते. म्हणाले, "भाभीजी, एक हमारी छत पर भी लगवा दीजिए."

*

मिरचीच्या फोडणीनं तो आठवड्यात तीनदा वाजला. काढून टाक, श्रीधरचा धोशा सुरू झाला. मी अलार्म काढला नाही आणि फोडणीतली मिरचीही कमी केली नाही. चुलीपासून लांब, जिन्याच्या तोंडाशी नेऊन लावला.

*

दर महिन्याला बटण दाबून बघा, असं दिरांनी लिहिलं होतं. आमच्या घरात तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही, एकादशी राहते. म्हणून मी दर एकादशीला बटण दाबायची.

एका एकादशीला दाबलं, तर गप्प. उघडून बघते, आत बॅटरीच नाही. गच्चीवरून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकू येत होती. सात चेंडू, नऊ धावा, आणि श्रीधरच्या ट्रान्झिस्टरमध्ये माझी चपटी बॅटरी! मी ती काढून घेतली.

"अगं, सात चेंडू तरी थांब!"

"आग थांबेल?" मी विचारलं.

सामना कोण जिंकलं हे त्याला दुसऱ्या दिवशी पेपरातून कळलं. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मला स्वयंपाकाला निवांतपणा मिळाला.

*

माझी खरी लढाई देवघराशी होती. पौषातल्या थंडीत अण्णा बोरसी आत घेऊन, दाराची कडी लावून दोन-दोन तास पोथी वाचत. बोरसी बाहेर ठेवा म्हटलं की म्हणत, सत्तर वर्षांत काही झालं नाही.

एकदा ते घाटावर स्नानाला गेले असताना मी न विचारता आत शिरले आणि दुसरा अलार्म भिंतीवर ठोकला. याच्यावर गंगाजल शिंपडू दिलं नव्हतं, त्यामुळे तो ओवळाच राहिला. स्नान करून सोवळं नेसल्यावर अण्णा ओवळ्या वस्तूला शिवत नसत, आणि सोवळं नेसल्याशिवाय देवघरात पाऊल टाकत नसत. म्हणजे तो काढणार कसा? अण्णा रोज त्याच्याकडे रागानं बघत आणि पोथी उघडत. मला त्यांची दया यायची, पण तेवढ्यासाठी मी अलार्म काढणार नव्हते.

*

एके सकाळी देवघरातला अलार्म वाजला. मी हाका मारल्या, दार ठोठावलं. आतून उत्तर नाही. मावशीच्या दारावरही आम्ही असेच ठोठावत उभे होतो.

श्रीधर धावत आला. सवयीनं म्हणाला, "अगं, ते सोवळ्यात आहेत. आधी अंघोळ करून ये."

मी खलबत्त्याचा बत्ता उचलला आणि दारावर घातला. चौथ्या घावाला कडी तुटली. अण्णा पोथीवर कलंडले होते. काखेत हात घालून मी त्यांना ओढत अंगणात आणलं. तोवर श्रीधर भानावर आला होता. त्यानं बोरसी बाहेर नेली, खिडकी उघडली. बऱ्याच वेळानं अण्णांना उलटी झाली, मग त्यांनी डोळे उघडले.

"सूनबाई, शिवलीस मला."

"हो," मी म्हटलं. "पुन्हा शिवेन."

डॉक्टर येऊन गेले.

दुसऱ्या दिवशी श्रीधरनं सुतार बोलावला. तो नवी कडी ठोकायला बसला, तेवढ्यात अण्णा भिंतीला धरून बाहेर आले. माझ्याकडे न बघता त्यांनी सुताराला थांबवलं.

"कडी रहने दो, भइया. बहू को अंदर आना पडता है."