भाचीचं लग्न अन् माझे मोठ्ठाले टायर

आता तुमच्यापासून काय लपवू? चहा हातात आहेच तर ऐकून घ्या, पण हसता हसता सांडू नका. भाचीच्या लग्नात मी जे करून ठेवलं ना, ते दुश्मनानं बी केलं नसतं!

मी दिग्रसचा. कृषी केंद्राचं दुकान आहे अन् एक जुनी एसयूव्ही आहे. तिच्यावर माहा लय जीव. बायको म्हणते, त्यातला अर्धा माह्यावर लावला असता तरी चाललं असतं. जाऊ द्या, तिचं काही खोटं नाही.

तर बोरी अरबच्या ताईच्या पोरीचं, पल्लवीचं लग्न ठरलं. आपल्याकडे मामानंच नवरीले मांडवात आणावं लागते अन् तिच्या मागं उभं राहावं लागते. तेव्हा कुठं मंगलाष्टकं सुरू होतात. मामा नाही तर लग्न नाही! मी ताईले छाती ठोकून सांगितलं, "पल्लवीले दारव्ह्याच्या पार्लरमधून थेट मांडवात माह्या गाडीत आणतो. सारं गाव पाहत राहीन!"

"गाव पाहो न पाहो," ताई म्हणे, "वेळेवर आण. मुहूर्त टळला तर पाहुण्यांपुढं माही मान खाली जाईन."

"अवं ताई, मी आहे ना!"

मंग काय! आधी गाडी उंच करून घेतली. गाडी गेली वर, अन् जुने टायर दिसू लागले बारके बारके. बाप्याच्या पायात पोराचे जोडे! म्हणून गेलो यवतमाळले, टायरच्या दुकानात.

दुकानदार समजदार माणूस. म्हणे, "भाऊ, रिम आहे तीच राहू द्या. टायर एक नंबर वाढवा. मस्त बसते."

"अन् त्याच्या वरचा?"

"तो बी बसते, पण..."

"अन् त्याच्याही वरचा?"

आता खरं सांगतो, टायरचे नंबर मले काही समजत नाहीत. बैलबाजारात जोडी पाहावी तसे मी टायर पाह्यले. भोवती फिरलो, थाप मारली, बाजूले उभं राहून कमरेले लावून पाह्यले. जो सगळ्यात उंच अन् छातीत सगळ्यात रुंद, तो आपला! रिमही रुंद घेतल्या. टायर बाहेर दिसले नाहीत तर गावाले कसं कळन?

"भाऊ, हा घासन," दुकानदारानं हात जोडले. "गाडीत माणसं बसली की गाडी दबते. मंग स्टेअरिंग पुरं फिरवलं की टायर आतून लागते. माणसं बसवून एक डाव पाहून घ्या ना जी."

मी एकटा बसलो. स्टेअरिंग इतकुसं इकडं, इतकुसं तिकडं. कुठं घासते? निघालो ना मी मिशीवर ताव देत!

लग्नाच्या दिवशी पार्लरपुढं गाडी उभी केली. पल्लवी बाहेर आली, शालू, दागिने, गजरे. काय दिसत होती पोरगी! माह्या डोळ्यात पाणीच आलं. तिनं गाडीकडं पाह्यलं. मंग मान वर करून आणखी पाह्यलं.

"मामा, मी चढू कशी?"

पार्लरवालीनं स्टूल दिलं. खालून दोघी मैत्रिणींनी लोटलं, वरून मी ओढलं. मंग बाकीच्या मैत्रिणी चढल्या, एक मावशी चढली, अन् मावशी म्हणजे काही साधी मावशी नव्हे! बॅगा, रुखवताचे डबे, ते स्टूल, सारं आत. गाडी दबली. मी पाह्यलं का? नाही! मी आरशात फेटा पाहत होतो.

दारव्ह्याच्या चौकात वळलो अन्... खर्रर्रर्र!

"मामा, हे काय वाजून राह्यलं?"

"काही नाही वं. नवा टायर आहे, बोलतेच थोडा."

"मामा, काहीतरी जळल्यासारखा वास येऊन राह्यला!"

"तुमच्या केसांचा फवारा असन तो!"

पुढं सरळ रस्ता, आवाज बंद. माही हिंमत पुन्हा वाढली. बोरी अरब आलं. लग्नाच्या हॉलकडं जाणारी बारकी गल्ली, तोंडावरच काटकोनात वळण, अन् वळणावर नालीचा खड्डा. मी पुरं स्टेअरिंग फिरवलं. गाडी खड्ड्यात दबली. खर्रर्र... फटाक! चाकावरचं आतलं प्लास्टिक फाटलं, टायरमधी गुंडाळलं अन् चाक जाम! ना पुढं, ना मागं. गल्लीच्या तोंडात गाडी आडवी.

ताईचा फोन. "कुठं आहे रे?"

"आलो ना. वळून राह्यलो."

"मुहूर्त होऊन राह्यला अन् तू वळूनच राह्यला?"

तेवढ्यात मागून डीजे वाजला. पुसदहून नवरदेवाची वरात आली होती अन् माह्याच गाडीमागं अडकली होती. एक जण फेटा सावरत तणतणत आला. "कोण बह्याड आहे हा? गाडी आहे का घर बांधलं रस्त्यात?"

माह्या खिडकीतून पल्लवीनंच सांगितलं, "ते माहे मामा आहेत जी."

तो तिथंच थिजला. वरातीतल्या पोरांनी मात्र बेत बदलला. जागा नाही तर नाही, माह्या गाडीभोवतीच नाचणं सुरू! मी जमिनीवर पालथा पडून प्लास्टिक ओढतो आहे अन् माह्या पायावरून वरात नाचते आहे. सांगा, असा मान कोणत्या मामाले मिळाला?

पल्लवी रडकुंडीले आली. "मामा, मुहूर्त गेला तर?" मले तर मरावंसं वाटलं हो!

अन् हॉलकडून एक रिकामा ऑटो आला. बारके बारके टायर, त्याले बी ठिगळ. पल्लवी स्टूलवरून खाली उतरली अन् एका पावलात ऑटोत बसली. एका पावलात! ऑटो जागच्या जागी गर्रकन फिरला अन् नवरीले घेऊन पसार.

मी? मी मागून धावलो. माह्यामागं नवरदेव अन् वरात, गाडीच्या कडेनं पायी पायी. फेटा एकीकडं, हात काळे, गुडघ्याले चिखल. तसाच पल्लवीच्या मागं जाऊन उभा राह्यलो. भटजीनं मले खालपासून वरपर्यंत पाह्यलं अन् इचारलं, "मामा आले का?"

"हेच आहेत," ताई दात खाऊन बोलली. पण लग्न लागलं बाप्पा, मुहूर्तावर लागलं! अक्षता पडल्या तेव्हा मी लहान पोरासारखा रडलो. ताईनंही मंग पदरानं माहं तोंड पुसलं अन् पदर काळा झाला म्हणून पुन्हा शिव्या दिल्या.

जेवणाच्या पंगतीत सगळे म्हणे, नाव घे, नाव घे. पल्लवी लाजली, माह्याकडं पाह्यलं अन् हातात माईक घेऊन म्हणते कशी,

"टायर मोठे, गाडी उंच, वळणावर अडले मामा,
निलेशरावांचं नाव घेते, ऑटोच आला कामा!"

मांडव हसून हसून लोळला. सगळ्यात जोरात माही बायको.

आता बोरी अरबले जातो तर एसटीनंच जातो. स्टँडवर उतरलो की तोच ऑटोवाला पुढं येते, अदबीनं माही पिशवी घेते अन् चारचौघांत इचारते, "मामा, घरापर्यंत सोडू, का वळणावरच थांबता?"