जावयानं ताटावर मागितलेली वही

मिरची कांडपाचं मशीन आम्ही साताऱ्यात बसवलं त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हापासून माझ्याकडे एक वही आहे. वही म्हणजे काय, बायकांची नावं, फोन आणि पुढे कामापुरती खूण. 'फलटणच्या काकी, बेडगी जास्त, तिखट कमी.' 'कॅम्पातली मास्तरीण, लसूण वेगळा कुटायचा.' कुणाच्या घरात पोटाचं दुखणं, कुणाची लेक दुबईला आणि तिला किती चटणी पाठवायची, सगळं त्यात. मशीनमध्ये आधीच्या गिऱ्हाइकाची मूठभर चटणी राहतेच, म्हणून कुणामागं कुणाची मिरची टाकायची हेही मी त्या वहीवरून ठरवते. शाळा माझी चौथीपर्यंत. अक्षर माझं मलाच लागतं. पण वहीला मी कुणाला हात लावू देत नाही.

तर ती वही माझ्या जावयानं मागितली. तीही कधी, धोंड्याच्या महिन्यात, ताटावर बसून.

आता आमच्याकडची रीत सांगते. अधिक महिना आला की लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, जावयाला काहीतरी वाण द्यायचं. ताट वाढलं की सासूनं विचारायचं, "काय पाहिजे ते मागा," आणि जावयानं थोडं रुसायचं. सगळं हसण्यावारी असतं. घड्याळ, अंगठी, कपडे, काय द्यायचं ते आधीच ठरलेलं असतं. मीही चांदीची वाटी आणून ठेवली होती. आणि मोठ्या तोंडानं म्हटलं, "मागा जावईबापू, काय पाहिजे ते मागा. आज न्हाई म्हणायची न्हाई मी."

एवढं बोलायची काही गरज नव्हती. बोलले खरी.

जावई फौजेतून नुकता निवृत्त होऊन आलेला. गाव मिरजेजवळ. स्वभावानं सरळ, पण रिकामं बसायची सवय नाही, त्यामुळे कशात तरी पडायची घाई. हात ताटापासून लांब ठेवून तो म्हणाला, "मामी, वाटी-बिटी नको. तुमची वही द्या."

मी हसले. तो हसला नाही.

मग त्यानं मोबाइल काढला आणि सांगायला लागला. एक कंपनी आहे. दुकानदाराचं नाव, पत्ता, फोटो ऑनलाइन यादीत घालते. नाव घालायचे पैसे भरायचे. भरले की आपणही दुसऱ्यांची नावं आणू शकतो, त्यातलं आपल्याला मिळतं, आणि त्यांनी आणलेल्यांतलंही मिळतं. आज पाच वाजता सांगलीत मीटिंग होती. त्याच्या पलटणीतले सहा जण त्यानं तिथं बोलावले होते, पेन्शनीचा फंड हातात असलेले. सुरुवातीचे पैसे त्यानं आधीच भरले होते, आज मोठ्या पातळीचे भरणार होता. त्याआधी आपण आणलेली, म्हणजे आपल्या खालची नावं दाखवायची होती, आणि माझ्या वहीत ती आयती होती.

"तुमचं कांडप सगळ्या जगाला दिसंल, मामी."

"जगानं मिरच्या कुठं आणायच्या वो? आमच्या बोळात टेम्पो वळत न्हाई."

आमचे हे समोरच जेवत होते. म्हणाले, "वही मागायच्या आधी विचार करा. मलाबी हात लावू देत न्हाई ती."

कुणी हसलं नाही. लेक वाढता वाढता थांबली होती. माझ्याकडे बघून तिनं डोळ्यानंच सांगितलं, दे की आई. ताटावर धोंडे, वर तूप, आणि जावयाचा हात मांडीवर. घास उचलेना. हे रुसणं हसण्यावारी नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. नाही म्हणावं तर ताटावरून जावई उपाशी उठतो, आणि लेकीला जन्मभर ते ऐकावं लागतं. हो म्हणावं तर ज्या बायकांनी विश्वासानं पोटातलं सांगितलं, त्यांच्या फोनवर उद्यापासून कोण काय विकणार?

मी पदराला हात पुसले आणि म्हटलं, "देते. पण मशीन घेताना मी चार ठिकाणी जाऊन ज्यांच्याकडं हाय त्यांना विचारून आले होते. तसं ह्यातबी विचारू द्या. तुमच्या यादीतल्या तिघांना फोन लावा."

"लावतो की," म्हणाला. त्याला खात्री होती. फोन मोठ्या आवाजावर करून ताटाशेजारी ठेवला.

पहिला लावला मिरजेच्या एका तंबोरे करणाऱ्याला. मी विचारलं, "दादा, ह्या यादीत तुमचं नाव हाय. त्यावरून गिऱ्हाईक आलं का वो कधी?"

"यादीवरून? नाही बाई. आमच्याकडे गवई गवयाला घेऊन येतो. मेव्हण्यानं नाव घातलं. घरचा माणूस, मन मोडवेना. तुम्हाला तंबोरा पाहिजे होता का?"

"न्हाई, मी मिरची कुटते."

"मग ठीक आहे," म्हणाला आणि ठेवला.

जावई म्हणाला, "जुन्या वळणाचा माणूस हाय. दुसरीकडं लावतो."

दुसरी फलटणची पार्लरवाली. मी नुसतं हॅलो म्हटलं तोच ती सुरू झाली. "काकू, तुम्ही जॉइन होताय ना? माझ्याच खाली व्हा हं, दुसऱ्या कुणाच्या नको!"

"अगं पोरी, तुझं पार्लर कसं चाललंय ते विचारायचंय."

"पार्लर कधीच बंद केलं काकू. आता हेच. फक्त दोन माणसं कमी पडतायत."

मी जावयाकडे बघितलं नाही. तुपावर पांढरा थर धरायला लागला होता, त्याच्याकडे बघत राहिले. मनात म्हटलं, माल विकत घेणारा कोण, तर माल विकणाराच. आणि बाहेरचं गिऱ्हाईक कुठंच नाही. पण हे मी बोलले असते तर त्याला सासूचं बोलणं वाटलं असतं. म्हणून म्हटलं, "तिसरा तुमच्या ओळखीचा लावा. तुमीच बोला."

त्यानं कोयनानगरच्या दोस्ताला लावला. त्याच्याच पलटणीतला. मोटार वायंडिंगचं दुकान होतं, आणि ह्याला कंपनीत आणणाराही तोच.

"बोल गड्या! किती आणलेस?"

"सहा येत्यात. मला एक सांग, तुझ्या दुकानाला यादीचा काय फायदा झाला?"

"दुकानाचं सोड रं. तू आज भर, लय अडलंय माझं. तू भरलास तर माझी पातळी टिकती." मग आवाज खाली आला. "आणि आपल्या पलटणीच्या पोरांशी तूच बोल. माझा फोन आता कुणी उचलत न्हाई. परवा साहेबांच्या पोराच्या लग्नात सगळे एका टेबलावर बसले. मी गेलो तर उठून गेले."

जावयानं फोन बंद केला. मग त्यानं हात पुढे केला, एक धोंडा मोडला आणि गारच खाल्ला. दुसरा घेतला नाही. वही मागितली नाही, आणि मीही आणली नाही.

आत गेले तर लेक चुलीकडे तोंड करून उभी. "भरल्या ताटावर त्यांना उघडं पाडलंस तू, आई. एकांतात सांगता आलं असतं." तिचं काही चुकत नव्हतं. दोनच्या सुमाराला दोघं निघाली. चांदीची वाटी तिनं घेतली, पण पिशवीत टाकताना माझ्याकडे बघितलं नाही.

तो मीटिंगला गेला की नाही, हे मला चार दिवस कळलं नाही. लेक फोन उचलेना. मशीनवर बसले की हात चालायचा, लक्ष नाही. एकदा तर एकीच्या साध्या मिरचीमागं दुसरीची लसणीची टाकायची ती उलटी टाकली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

पाचव्या दिवशी लेकीचा फोन आला, मिक्सरच्या भांड्याचं विचारायला. बोलता बोलता म्हणाली, "ते गेले होते त्या दिवशी. दारातच उभे राहिले. सहाही जणांना बाहेरच चहा पाजला आणि माघारी पाठवलं. त्यातले दोघे लय रागावले, एवढ्या लांबून बोलावलंस कशाला म्हणून."

"आणि स्वतः?"

"न्हाई भरले," एवढं म्हणून ठेवला तिनं. आधी भरलेले गेले ते गेलेच.

पुढं उन्हाळ्यात, कांडपाला सगळ्यात गर्दी असते तेव्हा, जावई एकटाच आला. खांद्यावर मिरचीचं पोतं. बायकांच्या रांगेत मागं उभा राहिला, मी म्हटलं पुढं या, तर आला नाही. नंबर लागला तेव्हा म्हणाला, "मामी, ही माझी न्हाई. त्या सहा जणांच्या घरची हाय. प्रत्येकाची वेगळी कुटा."

पोत्यात सहा पिशव्या होत्या. मी वही काढली. एकेकाचं नाव विचारलं, तिखट किती, लसूण घालायचा का. त्याला सगळ्यांचं पाठ होतं.