हळू चालायची दोन मिनिटं

अग्निशमन केंद्रात त्याला सगळे शिडीदादा म्हणायचे. आग कुठेही लागो, शिडीवर पहिला पाय त्याचाच. मागून पाण्याची नळी घेऊन त्याचा जोडीदार. पण पन्नाशी उलटल्यापासून धावण्याची वार्षिक चाचणी त्याला जड जात होती. गेल्या वर्षी तो कसाबसा काठावर सुटला होता. यंदा नापास झाला तर शिडी सोडून केंद्रातल्या फोनच्या टेबलाशी बसावं लागणार होतं, आणि त्याच्या मते त्यापेक्षा घरी बसलेलं बरं.

सून शाळेत खेळाची शिक्षिका. तिने सासऱ्याची तयारी हाती घेतली. रोज सकाळी बागेमागच्या रस्त्यावर मिनिटभर जीव खाऊन पळायचं, मग दोन मिनिटं रमतगमत चालायचं, पुन्हा पळायचं. "बाबा, खरा दम त्या चालण्यात परत येतो. तिथे घाई नको," ती बजावायची.

गडी पळायचा झकास. पण सुनेने चालायची शिट्टी वाजवली की कानात बोळे घातल्यासारखा पळतच सुटायचा. वर पुन्हा म्हणायचा, "आगीत कोण चालतं गं?" सून डोक्याला हात लावायची.

खरं कारण त्याने घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. पळताना काही जाणवत नसे. पावलं मंदावली की छातीतले ठोके ऐकू येत, आणि मधलाच एखादा गायब होई. लोकांच्या काळजाचा ठोका बोलण्यात चुकतो, याचा खराच चुकायचा. मग त्याला दरदरून घाम फुटे. जळत्या घरात कधी वाटली नव्हती इतकी भीती त्याला त्या मोकळ्या रस्त्यावर वाटायची.

चाचणीच्या आदल्या दिवशी सुनेने धावत जाऊन त्याचं मनगटच धरलं. "आज चालायचंच." दोघं चालू लागली. तिची बोटं त्याच्या नाडीवर होती. चालता चालता तिच्या बोटांखालचा मधलाच एक ठोका चुकला.

"कधीपासून होतंय हे, बाबा?"

"उद्याचं तेवढं पार पडू दे. मग दाखवतो डॉक्टरांना."

"आणि पास झालात तर?"

पास झाला तर तो शिडी चढणार होता, आणि वरून कोसळला तर खाली जोडीदार होता.

तो घामेजल्या कपड्यांतच केंद्रावर गेला. जोडीदार गाडी पुसत होता.

"मी उद्या चाचणीला येत नाही," शिडीदादा म्हणाला. "माझं हृदय धड नाही. यापुढे पहिला तू चढ."

जोडीदार आधी हसला. मग त्याचा चेहरा बघून त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"इतकी वर्षं तुझ्या मागून चढलो, दादा. आता माझ्या पुढे कोण?"